दिवालीबाईचं धाबं

दिवालीबाईबद्दल मी आजवर कुणापाशी चांगलं बोललेले नाही. म्हणून आधी तिच्याविषयी जे खरं आहे ते लिहिते, माझं नंतर.

खैरगड हे पिंपळनेरच्या अलीकडे डोंगरउतारावर वसलेलं गाव. वर किल्ला, खाली दगडी वेस आणि मधे एकावर एक चढत गेलेली जुनी घरं. वरच्या गल्लीतून चालताना खालच्या घराचं छप्पर आपल्या पावलांना लागून येतं. एक पाऊल बाजूला पडलं की माणूस थेट शेजाऱ्याच्या डोक्यावर. ही छपरं सपाट, मातीची. त्यांना आमच्याकडे धाबं म्हणतात. सागवानी तुळयांवर फळ्या, त्यांवर पाला आणि चिखलाचा थर, आणि सगळ्यांत वर पांढरी खारट माती. किल्ल्यामुळे गाव संरक्षित हद्दीत गेलं, तेव्हापासून तिथे सिमेंटचा स्लॅब टाकता येत नाही. घर वाढवायचं तर नकाशा मंजूर करून, मागच्या बाजूला, जुन्या घराच्या उंचीतच आणि जुन्याच पद्धतीने.

ती जुनी पद्धत हाताला माहीत असलेली दिवालीबाई ही गावातली शेवटची. ती मूळची डोंगरापलीकडच्या पाड्यावरची. ती दहा-अकरा वर्षांची असताना घरचे सगळे ऊसतोडीला गुजरातेत गेले. तिचा हात मोडलेला, म्हणून तिला मागे ठेवलं. हात गळ्यात बांधलेल्या पोरीला कोण काम देणार? चुडामण मिस्तरीने दिलं. म्हणाला, हात नाही तर नाही, पाय तर आहेत, चिखल तुडव. हात बरा झाला तरी ती तिथेच राहिली. माती जिभेला लावून ओळखायची, हे तिला त्यानेच शिकवलं. खारट लागली तर वरच्या थराची, तुरट लागली तर भिंतीची.

पुढे लोकांनी पत्रे टाकले, वेशीबाहेर स्लॅबची घरं झाली आणि दिवालीबाईचं काम गेलं. नवरा खेमा वारला. पंधरा वर्षं तिने कोरडवाहू तुकड्यावर नागली पिकवली, मोहाची फुलं वेचली, सुरतेला जाऊन डोक्यावरून काँक्रीटची घमेली वाहिली. मग संरक्षित हद्दीचा नियम आला आणि ज्यांनी तिला विसरून टाकलं होतं ते तिच्या पाड्यावर बोलवायला गेले. ती आली. तिने कुणाला टोमणा मारला नाही, असं गावात सांगतात. मला ते खरं वाटत नाही. मी असते तर मारला असता.

आता माझं. नवल हा माझा एकुलता एक मुलगा. सिव्हिल इंजिनिअर. पुण्याला चांगली नोकरी होती. दोन वर्षांपूर्वी मित्राबरोबर किल्ला पाहायला म्हणून खैरगडला गेला, आणि परत आला तो पिशवीत पांढरी माती घेऊन. धुळ्याच्या आमच्या ओट्यावर बसून त्याने ती चाटली.

“नवल, तुला वेड लागलंय का?” मी म्हटलं.

“खारट आहे. चाखून बघ, आई.”

मी चाखली नाही. सहा महिन्यांनी त्याने बिनपगारी रजा टाकली आणि खैरगडला खोली घेतली. दिवसातून दोनदा मी फोन करायचे. विंचू निघतात का, तुळईवर चढताना दोर बांधतोस का, जेवलास का. तो म्हणायचा, “दिवालीमायने नागलीची भाकर दिली.” माझ्या घरात हा मुलगा भाकरीची कड काढून ठेवायचा. माझं माहेर बोदवडचं, तिकडची बोली वेगळी. लग्नाला तीस वर्षं झाली तरी मला धुळ्याकडची अहिराणी नीट बोलता येत नाही. हा दीड वर्षात असा बोलायला लागला की फोनवर ओळखू येईना. मातीने त्याच्या तळहातांना भेगा पडल्या, तर मी चांगली क्रीमची ट्यूब दिली. पुढच्या खेपेला ती पिशवीच्या तळाशी जशीच्या तशी होती. हातांना कसला तरी उग्र वास येत होता. मोहाच्या बियांचं तेल. दिवालीमायने दिलेलं.

मत्सर म्हणजे काय ते मला कॉलेजात कुणी विचारलं असतं तर व्याख्या लिहून दिली असती. त्या दिवशी मी त्याचे कपडे भिजवताना सदऱ्याला तो वास आला आणि साबण दोनदा लावला.

यंदा त्याला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. अभिमन आबा म्हणून निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या घराला मागे दोन खण वाढवायचे होते. नकाशा नवलने काढला, मंजूर करून आणला. धाबं दिवालीबाई आणि तो मिळून घालणार. पुण्याच्या कंपनीने त्याची जागा मे अखेरपर्यंत ठेवली होती. मी रोज आठवण करून देत होते. शेवटी तो वैतागून म्हणाला, “आई, आबांचं धाबं गळलं तर मी पुण्याला परत जातो. नाही गळलं तर तू पुण्याचं नाव काढायचं नाहीस.”

मी कबूल केलं. आणि त्या दिवसापासून देवापुढे दिवा लावताना मी एकच मागत होते. धाबं गळू दे.

काम पुरं झालं तेव्हा मी एसटीने खैरगडला गेले. संध्याकाळी वरच्या गल्लीतून एकटीच धाब्यावर उतरले. पांढरी माती सारवून गुळगुळीत केलेली, पाणी जायला पन्हाळीकडे हलका उतार. सुंदर होतं, हे मान्य करावं लागलं आणि त्याचाही राग आला. मग वाकून बारकाईने पाहायला लागले. जुनं धाबं जिथे संपतं आणि नवं सुरू होतं त्या जोडावर, कोपऱ्यात, केसाएवढी भेग होती. चारेक बोटं लांब. नखाने माती सरकवली तर आत गेली.

मी उठले. खाली गेले. आबांनी चहा दिला तो प्यायले. कुणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची परीक्षा. चुडामण मिस्तरीपासूनची रीत अशी की ज्यांनी धाबं घातलं त्यांनी त्याच्या खाली बसायचं, आणि वरून घागरी ओतायच्या त्या दुसऱ्या कुणीतरी. ओतणारा “बस” म्हणत नाही तोवर परीक्षा संपत नाही. आबा घागर उचलायला पुढे झाले तशी दिवालीबाईने हाताने अडवलं.

“घरधनी नही चालस, आबा. तुमनं मन भ्याई, तुम्ही हलका हातथीन वतशात.” मग माझ्याकडे वळली. “ही वती.”

“मी ओतू?” मी म्हटलं. “मला काय कळतं त्यातलं?”

“तुले हाई धाबं गळाले जोयजे ना,” ती म्हणाली. रागाने नाही. आज बाजार आहे ना, असं विचारावं तशी. “मंग तूच वत. तुनासारखं बारीक कोनी दखाव नही.”

नवलने मान खाली घातली. आबा दुसरीकडे पाहायला लागले. माझे कान तापले. रीतच तशी होती, हे आबांनी मला नंतर सांगितलं. धाबं गळावं असं ज्याला वाटतं त्याच्याच हाती घागर द्यायची. चुडामण मिस्तरी तर मुद्दाम आपल्या भांडकुदळ मेव्हण्याला बोलवायचा.

ते दोघं खाली जाऊन बसले. मी गल्लीतून धाब्यावर उतरले. आबा घागरी भरून देत होते. पहिली मी मधोमध ओतली. पाणी पांढऱ्या मातीवरून पसरलं आणि शहाण्यासारखं पन्हाळीकडे गेलं. दुसरी कडेला. तिसरी पन्हाळीजवळ.

“ताई, पुरे की आता,” आबा म्हणाले. “आमची टाकी रिकामी कराल.”

भेग माझ्या पायापासून दोन हातांवर होती. ओतलं नाही तर धाबं पास होणार, आणि पावसाळ्यात आबांच्या सुनेच्या अंथरुणावर टपकणार. ओतलं तर माझा मुलगा पुण्याला. मी चौथी घागर तिथेच ओतली, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग पाचवी.

खालून नवलचा आवाज आला. “थांब, आई.”

तो वर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर नाण्याएवढा ओला डाग होता. मागून दिवालीबाई आली, गुडघ्यावर बसली आणि जोडावरून बोट फिरवलं.

“नेमकी इथेच कशी ओतलीस?” नवलने विचारलं.

खोटं बोलायला जागा नव्हती. “काल संध्याकाळी भेग दिसली होती.”

“आणि सांगितलं नाहीस.”

“नाही.”

तो जोड त्याने एकट्याने केला होता. जुनी कड रात्रभर भिजवून ठेवायची असते. त्याने घाईत दुपारी पाणी मारलं आणि लगेच नवी माती लावली. दिवालीबाई रोज सगळं धाबं बोटाने तपासायची, तेवढं सोडून.

“तेनं काम व्हतं म्हनीसन मी परत दखं नही,” ती म्हणाली. “इनी दखं.”

म्हणजे ती त्याच्यावर एवढा विश्वास टाकून होती. मी त्याच्या आयुष्यातली एकही गोष्ट दुसऱ्यांदा न तपासता सोडलेली नाही.

नवल हात पुसत म्हणाला, “ठीक आहे. मी शब्द दिला होता. आई, बस म्हण. जोड दुरुस्त करतो आणि पुण्याला फोन करतो.”

मी दिवालीबाईकडे पाहिलं. ती त्याला थांबवील, रडेल, निदान एखादा शब्द टाकील असं वाटलं होतं. मला ते पाहायचंही होतं. ती म्हणाली, “जाऊ दे तेले. मना पोर्‍या बबल्याबी सुरतले फरश्या बसाडस. पोर्‍या जातसच.” आणि माती भिजवायला उठून गेली. गल्लीत पाटी उपडी करून, लुगडं खोचून तिने पाणी घातलं. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

हे मला सहन झालं नाही. ज्या मुलासाठी मी दीड वर्ष नवस बोलत होते, त्याला ती इतक्या सहज सोडत होती, आणि तरी तो तिच्याकडेच पाहत होता. आणि मला तो परत मिळणार होता तो मी लपवलेल्या भेगेच्या जोरावर. पुण्यात तो नोकरी करील, रविवारी फोन करील, पण ती चार बोटांची भेग आमच्या दोघांच्या मधे राहील. ती बुजवायला कुठली माती आणणार?

“आई, म्हण ना,” नवल म्हणाला.

“मी बस म्हटलेलं नाही,” मी म्हटलं. “परीक्षा संपलेली नाही.” आणि गल्लीकडे तोंड करून विचारलं, “दिवालीबाई, जोड सुकायला किती दिवस लागतील?”

“ऊन शे. तीन दिनमा सुकी जाई.”

“मग तीन दिवसांनी मीच ओतीन.”

तिने तेव्हा वर पाहिलं. हसली नाही. “मंग नुसती उभी नको राहू,” म्हणाली. “चप्पल काढ.”

मी तिच्याबरोबर चिखल तुडवला. टाच आधी टेकवतेस, बोटं आधी टेकव, असं तिने मला चारदा सांगितलं. मी पदवीधर बाई, अठ्ठावन्नाव्या वर्षी चालायला शिकत होते. नवल जुनी कड भिजवत होता आणि आमच्याकडे बघत नव्हता. त्या तीन दिवसांत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिच्याशी मात्र नेहमीसारखं बोलत होता, हसतही होता. मी सगळं ऐकत होते.

चौथ्या दिवशी मी नऊ घागरी ओतल्या. जोडावरच सहा. आबा टाकीबद्दल काही बोलले नाहीत. पन्हाळीतून पाणी खालच्या गल्लीत पडलं आणि दोन शेळ्या पळाल्या. खालून काही आवाज येईना, तेव्हा मीच वाकून विचारलं, “गळतंय का?”

“नाही,” नवल म्हणाला.

आणखी एक घागर ओतली. मग “बस” म्हटलं.

एसटीवर सोडायला तो आला. पुण्याचं नाव मी काढलं नाही, त्यानेही नाही. पिशवी वर देताना म्हणाला, “दिवालीमाय विचारत होती, पुढच्या चैत्रात येशील का? आबांच्या शेजारच्यांचं धाबं घालायचंय. तुझ्यासारखी ओतणारी गावात नाही म्हणाली.”

अजूनही तो फोनवर “दिवालीमाय म्हणते” असं सुरू करतो तेव्हा मला मोहाच्या तेलाचा तो उग्र वास येतो. मत्सर काही गेलेला नाही. चैत्रात तो घेऊनच मी धाब्यावर उतरणार आहे.