बाबांची वंदना आणि माझं जपानी

मला जपानी उत्तम येतं, हे मी आजही न लाजता सांगते. आमच्या वेळी पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची लाटच आली होती. नव्वदनंतर परदेशी कंपन्या आल्या, मागोमाग सॉफ्टवेअर आलं, आणि कुणीतरी बाबांच्या कानावर घातलं की इंग्रजी येणारे पुण्यात पैशाला पासरी मिळतात, जपानी येणारा शोधावा लागतो. बाबा मार्केट यार्डात मापाडी होते. शेतकरी एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला, आणि मधे काट्यापाशी उभं राहून वजन सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी फार चौकशी केली नाही. पहाटे कामावर निघताना संध्याकाळच्या क्लासचा फॉर्म माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, शिकून तर बघ.

मी शिकले, आणि गंमत म्हणजे कामही वडिलांसारखंच मिळालं. पुण्याची टीम एकीकडे, जपानी गिऱ्हाईक दुसरीकडे, मधे मी. फरक एवढाच, की काटा जे दाखवील तेच बाबा सांगत. माझं तेवढ्यावर भागत नसे. टीम म्हणायची, हे या महिन्यात होणं शक्य नाही. मी जपानीत सांगायची, आम्ही यावर मनापासून विचार करू इच्छितो. पलीकडचे म्हणायचे, "ते जरा..." आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचे. जपानीत असं सोडून दिलेलं वाक्य म्हणजे नकार. तो मला कळायचा. पण आमच्या मॅनेजरसाहेबांना नकार ऐकायची सवय नव्हती, म्हणून मी त्यांना सांगायची, नंतर कळवतो म्हणतायत. दोन्हीकडचा नकार माझ्यापर्यंत यायचा आणि माझ्यापाशीच मुक्काम करायचा. कंपनीत याला माझं कौशल्य समजत. त्याबद्दल मला एकदा शाबासकीचं पत्रही मिळालं.

पुढे कंपनीनं मला दीड वर्षासाठी ओसाकाला पाठवलं. आई त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये बाबा एकटे होते, निवृत्त झालेले. शेजारी दिवसभर ऑफिसात, आणि बाबा दिवसभर गॅलरीत. मी त्यांना पंधरा दिवसांसाठी बोलावून घेतलं.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा बाबा पाटी घेऊन शाळेत जात होते. तेव्हापासून रविवारची सकाळ विहारातली, हा त्यांचा नेम. कर्वेनगरला राहायला आल्यावरही ते दोन बस बदलून गुलटेकडीच्या जुन्या वस्तीतल्या विहारातच जायचे. आम्ही जवळ दुसरा विहार दाखवला, तर म्हणाले, तिथं मला कोण ओळखतं. बाबा जपानला निघाले हे कळल्यावर विहाराच्या पत्र्याखाली लहानसा समारंभच झाला म्हणे. वंदना सांगणाऱ्या मावशी आता सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी बाबांना जवळ बोलावून सांगितलं, "तिथं मोठ्या बुद्धासमोर बसाल, तवा आमच्या सगळ्यांच्या नावानं वंदना घ्या. आमी काय तिथवर येत नाय आता." बाबांनी शब्द दिला.

तो शब्द त्यांनी बॅगेत कपड्यांच्या वर घालून आणावा, तसा आणला. विमानतळावर मला भेटल्यावर प्रवास कसा झाला हे सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, मोठ्या बुद्धाकडे कधी जायचं. बरोबर पांढरा शर्ट-पायजमा इस्त्री करून आणलेला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मेणबत्त्या. मी म्हटलं, तिथली देवळं सगळी लाकडी, आपली मेणबत्ती लावू देणार नाहीत. ते लगेच समजले. म्हणाले, "मग नुसती वंदना. तिला काय लागतं? बसायला जागा."

क्योतोची एक दिवसाची सहल मी शोधली. माझ्या कामामुळे ती नेमकी परतीच्या आदल्या दिवशी आली. सकाळी दोन मोठी देवळं, दुपारी तिसऱ्या देवळाच्या आवारात आपल्या हातानं चहा करायला शिकायचं, संध्याकाळी परत. हीच सहल इंग्रजी बोलणाऱ्या गाइडबरोबरही होती. मी जपानी घेतली. खरं कारण सांगते. मला बाबांसमोर जपानी बोलायचं होतं. त्यांनी पहाटे हातात ठेवलेल्या त्या फॉर्मचं काय झालं, ते त्यांना दिसावं, एवढीच माझी हौस होती.

बसमध्ये चाळीसेक माणसं, बहुतेक सगळी निवृत्त जपानी नवराबायको. गाइडबाई पन्नाशीच्या, हातात पिवळा झेंडा, बोलणं मऊ आणि घड्याळ कडक. बाबा पांढऱ्या कपड्यांत खिडकीशी बसले होते. बाई जे जे सांगत ते मी त्यांना मराठीत सांगत होते. हे देऊळ कितीदा जळलं, कुणी पुन्हा बांधलं, खांब कुठून आणले. मागच्या सीटवरच्या आजीबाईंनी पुढे वाकून माझ्या जपानीचं कौतुक केलं. बाबांनी त्या काय म्हणाल्या ते विचारलं, आणि मी तेही भाषांतर करून सांगितलं. इतकी मी खूश होते.

पहिल्या देवळात बूट काढून आत गेलो. अंधारं, उंच दालन आणि समोर लाकडाचा प्रचंड बुद्ध. मान वर करूनही सगळा एकदम दिसत नव्हता. आमच्या पुढची माणसं पेटीत नाणं टाकत, क्षणभर हात जोडत आणि पुढे सरकत. रांग एका दिशेनं चालली होती, मागे दुसऱ्या सहलीची माणसं येऊन थांबली होती. बाबा थबकले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते मला हळूच म्हणाले, "इथं बसतो. दहा मिनिटं. बाईंना विचार."

मी गाइडबाईंकडे गेले. काय बोलले ते शब्दन् शब्द आठवतं, आठवू नये असं फार वाटतं तरी. मी म्हणाले की असं अचानक विचारणं अगदीच गैर आहे हे मला ठाऊक आहे, परंतु माझ्या वडिलांची अशी एक भावना आहे, की कुणाचीही अडचण होणार नसेल आणि शक्य असेल तर या जागी थोडा वेळ शांतपणे थांबता येईल का, अर्थात सर्वांचं वेळापत्रक महत्त्वाचं आहेच. व्याकरणात एक चूक नव्हती. सगळे आदरार्थी प्रत्यय जागच्या जागी होते. फक्त त्यात वंदना नव्हती, बसणं नव्हतं आणि बुद्धही नव्हता. बाईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, दातांमधून श्वास आत घेतला आणि म्हणाल्या, "ते जरा..."

मी वळले. बाबा माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर नुसता विश्वास. पोरगी विचारतेय म्हणजे काम झालं, असा. त्या चेहऱ्याला नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. इतक्या वर्षांची सवय आपोआप पुढे आली.

"नंतर म्हणतायत, बाबा," मी म्हणाले.

बाबांनी मान डोलावली, उभ्या उभ्या हात जोडले आणि रांगेबरोबर पुढे सरकले.

दुसऱ्या देवळाकडे जाताना ते झेंड्याच्या अगदी मागे चालू लागले, बाईंच्या पावलावर पाऊल टाकून. आधी पोहोचलो तर आपल्याला वेळ मिळेल, असा त्यांचा हिशेब. गुडघे दुखत होते, तरी चाळीस माणसांत पहिले. तिथे वाळूची बाग होती, बारीक खड्यांवर दाताळ्यानं रेघा ओढलेल्या, आणि बुद्ध आत लांब, जाळीच्या पलीकडे. बाबांनी बागेकडे धड पाहिलंही नाही. मला विचारलं, "आता?" मी म्हटलं, इथे नाही, पुढच्या. त्यांनी बरं म्हटलं. मला रडू यायला लागलं होतं आणि मी त्यांना खड्यांच्या रेघांचा अर्थ समजावून सांगत होते. एकदा नकार आल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नसतो, त्यानं समोरच्याची पंचाईत होते, हे पुण्यात नव्या पोरापोरींना ट्रेनिंगमध्ये मीच शिकवायची. बाईंची पंचाईत होऊ नये, याची मला केवढी काळजी होती.

दुपारी चहा. देवळाच्या आवारातली एक खोली, खाली चटया, भिंतीवर दोनच अक्षरांची एक लांब पट्टी. शिकवणाऱ्या आजी बारीक, ताठ बसलेल्या. बाबांना त्यांच्यासारखं गुडघ्यांवर बसता येईना, तर त्यांनी मांडी घालायची परवानगी दिली. ती मात्र मी फटकन मागितली होती. हिरव्या पुडीचा चहा बांबूच्या लांब चमच्यानं दीड चमचा घ्यायचा होता. बाबांनी मला विचारलं, दीड म्हणजे नेमका किती, सपाट का शीग लावून? मी ते आजींना विचारलं. त्या मनापासून हसल्या, म्हणाल्या, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि स्वतः चमचा भरून दाखवला. मग बांबूच्या बारीक काड्यांच्या रवीनं चहा घुसळायचा. बाबांच्या वाडग्यावर सगळ्यांत चांगला फेस आला. आजी म्हणाल्या, यांचा हात स्थिर आहे. मी सांगितलं की वडील आयुष्यभर धान्याची वजनं करत आले. खोलीभर कौतुकाचा आवाज झाला. त्या अर्ध्या तासात माझं जपानी झऱ्यासारखं वाहत होतं. चमचा, फेस, वाडगं कुठून धरायचं, साखर का नाही, सगळं विचारता येत होतं. एकच गोष्ट विचारता येत नव्हती.

चहा पिऊन झाल्यावर बाबा माझ्या कानाशी आले. "आत येताना मी बघितलंय. बाजूच्या दालनात मूर्ती आहे, लहान आहे, पण चालेल. पंधरा मिनिटं आहेत बस सुटायला. आता विचार."

मी उठले. गाइडबाई दाराशी माणसं मोजत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी हसून माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणाले की आजचा दिवस फार सुंदर गेला, आपले मनापासून आभार. त्या वाकल्या. मीही वाकले. परत येऊन बाबांना सांगितलं, वेळ नाही म्हणतायत. ते म्हणाले, "बरं. त्यांचं पण काम आहे." आणि बूट घालायला बसले. नाडी बांधायला त्यांना नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. मी वाकून मदतही केली नाही, कारण वाकले असते तर माझा चेहरा त्यांना दिसला असता.

संध्याकाळी स्टेशनाजवळ बस थांबली. गाइडबाई दाराशी उभ्या राहून एकेकाचा निरोप घेत होत्या. आमची पाळी आली तेव्हा त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, सकाळी आपल्या वडिलांना काय हवं होतं ते मला नीट कळलंच नाही, दिवसभर मनाला लागून राहिलं. मला वाटलं, त्यांना गर्दीचा त्रास होतोय, म्हणून रांगेत थांबायला नको म्हटलं. त्यांना बसून प्रार्थना करायची होती का? त्या मोठ्या बुद्धाच्या डावीकडे त्यासाठीच तर जागा आहे. आपण सांगितलं असतंत, तर मी तोवर सगळ्यांना तिथल्या बागेत नेऊन आणलं असतं. त्या वाकून माफी मागत होत्या. चूक माझी आणि माफी त्यांची.

"काय म्हणतात बाई?" बाबांनी विचारलं.

"पुन्हा या म्हणतायत."

बाबा त्यांच्यासारखेच कमरेतून वाकले. बाई पुन्हा वाकल्या, म्हणून बाबा पुन्हा वाकले. गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, की बाई चांगली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारचं आमचं विमान होतं. मी सुट्टी जोडून त्यांच्याबरोबरच पुण्याला येणार होते. विमानात मी तीनदा सांगायला सुरुवात केली. तिन्ही वेळा त्यांनी काहीतरी दुसरंच काढलं. एकदा ढग दाखवले, एकदा जेवणातलं लोणचं माझ्या ताटात घातलं, आणि तिसऱ्यांदा माझ्या हातावर थोपटून डोळे मिटून घेतले.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर विहारात गेले. जायचं नव्हतं, पण त्यांना एकट्याला पाठवणं त्याहून कठीण होतं. मावशी काय विचारणार ते मला माहीत होतं आणि बाबा काय सांगणार तेही. नाही जमलं, एवढंच ते सांगतील, माझं नाव घेणार नाहीत. मग मावशी माझ्याकडे बघतील, कारण तिथे भाषा कुणाला येत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी मागे भिंतीला टेकून बसले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं शील बाबा नेहमीसारखं डोळे मिटून, स्पष्ट म्हणाले. ते संपल्यावर मावशींनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग, घेतली का वंदना आमच्या नावानं?"

बाबांना खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"घेतली," ते म्हणाले. "मोठ्या बुद्धासमोर बसून, सगळ्यांच्या नावानं घेतली. आमच्या पोरीनं एकदाच विचारलं, आणि त्यांनी लगेच जागा करून दिली."

मावशींनी हात जोडले. सगळ्यांनी मिळून अनुमोदनाचं साधु तीनदा म्हटलं. मीही म्हटलं.