उतू गेलेला डोंगर

देवावर मी जेवढी चिडले, तेवढी सासूवरही कधी चिडले नसेन. माझी एकुलती एक लेक नर्स आहे, दूर समुद्रातल्या एका बेटावरच्या दवाखान्यात. तिथला ज्वालामुखी जागा झाल्याची बातमी टीव्हीवर आली आणि त्याच दिवसापासून तिचा फोन लागेना. मग मी रीतीप्रमाणे देव पाण्यात घातले. खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, सगळे पातेल्यात बुडवले आणि बजावलं, "पोरीचा आवाज ऐकवा, मगच बाहेर काढीन." तीन दिवस गेले. घास गिळवेना.

चौथ्या दिवशी दुपारी एक अनोळखी गृहस्थ आमच्या शेतात आले. कुठल्याशा कॉलेजात दगडमातीचं शास्त्र शिकवायचे, आमच्या आणे पठारावर खडक बघत हिंडत होते. आमच्या विहिरीत डोकावून ते थर निरखायला लागले, तसं माझं डोकंच फिरलं.

"दगडात काय बघायचंय वो? तिकडं माझी पोर आगीत हाय!" म्हटलं आणि रडूच कोसळलं.

त्यांनी शांतपणे बेटाचं नाव विचारलं. म्हणाले, "ताई, तो डोंगर पालथ्या परातीसारखा पसरट आहे. तसले डोंगर सहसा धडाड फुटत नाहीत, दुधासारखे उतू जातात. जमिनीला भेग पडते, तापलेला रस उतारानं वाहतो. घरं, रस्ते गिळतो, पण माणसाला बाजूला व्हायला बहुतेक वेळा सवड मिळते. निवला की त्याचा खडक होतो. थरावर थर चढतात, समुद्रात उतरला की नवी जमीन होते. तुमची विहीरही निवलेल्या रसाच्या थरांतच खणलीय."

पाणी पिऊन ते निघून गेले. घरी येऊन पातेल्याकडं बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली. ज्यानं असल्या आगीतून आमची जमीन घडवली, त्यालाच मी पातेल्यात कोंडून अट घातली होती. देव बाहेर काढून पुसायला लागले, तर जाऊ ओरडली, "अगं, फोन आल्याबिगर काढतीस? लई वंगाळ व्हईल!"

"होऊ दे. देवाला वेठीला धरणारी मी कोण?" हळदकुंकू वाहिलं, म्हटलं, "पोर तुझीच आहे. तू बघ." त्या दिवशी पोटभर जेवले.

दोन दिवसांनी फोन आला. "आई, रस्ता गेला, टॉवर गेला, माझी खोलीपण गेली. पेशंट मात्र आधीच हलवले होते. सगळे खुशाल आहेत."

"ये गं बाई घरी."

"नाही आई. इथं माणसं बिनघराची झालीत. मी राहते."

एरवी मी आकाशपाताळ एक केलं असतं. या वेळी म्हटलं, "राहा. वेळेवर जेवत जा." फोन ठेवला आणि देवापुढं बसून हमसाहमशी रडले. त्या पावण्याला कुणी धाडलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. लेक वाचली, देवाचे उपकार झाले. तिला माझ्याजवळ आण, एवढं ओठांवर आलं होतं. ते मागितलं नाही.