बोटबाईंचा उतारा

बोटबाईंचं खरं नाव अभ्यासिकेत कुणी घेतच नसे. तुम्ही कितीही हुशारीनं उत्तर द्या, बाईंचा सवाल ठरलेला: "कुठी लिवलं हाय? बोट ठेव." ओळीवर बोट ठेवता आलं तर उत्तर बरोबर. नाही आलं तर बरोबर उत्तरसुद्धा चूक! पेन चालत नसे, पट्टी चालत नसे, बोटच हवं. आमच्या सगळ्या प्रश्नसंचांची पानं त्यामुळे भज्यांच्या कागदासारखी तेलकट झाली होती.

अभ्यासिका म्हणजे गडचिरोलीतल्या एका बुद्ध विहाराची मागची खोली. तिथे भरतीची तयारी करणारी आम्ही पोरंपोरी बसायचो. बाई काही शिक्षिका नव्हत्या. त्याही आमच्यासारख्याच परीक्षा देणाऱ्या, फक्त आमच्याहून बऱ्याच जुन्या. गाव भामरागडकडचं. एका वर्षी पुलावर पाणी चढलं म्हणून पेपरच बुडाला, एकदा थोडक्यात यादीबाहेर राहिल्या. आता वयाच्या अटीत बसणारी एकच परीक्षा उरली होती, लिपिकाची. ती गेली की सगळं संपलं. तरी रोज संध्याकाळी स्वतःचं पुस्तक मिटून आम्हाला मराठीचे उतारे सोडवायला लावत. "बाई, तुमचा वेळ जाते ना," म्हटलं की म्हणायच्या, "तुमी चुकता, तवा मले समजते मी कुठी चुकीन ते."

मी एटापल्लीची, तोंडानं फटकळ, आणि वाद घालायची भारी हौस. पहिल्याच दिवशी उतारा आला अस्वलाचा. 'अस्वल हा लाजाळू प्राणी असून माणसाची चाहूल लागताच तो पळून जातो.' खाली प्रश्न, माणूस दिसल्यावर अस्वल काय करते? मी छातीठोकपणे 'हल्ला करते' यावर खूण केली. बाईंनी बोट मागितलं. मी म्हटलं, "बोट कुठी ठेवू? माझ्या मामाच्या खांद्यावर ठेवू काय? वण हाय अजून!"

सगळी खोली हसली. बाई हसल्या नाहीत. "तुझा मामा बसला हाय काय परीक्षेले?"

"नाई."

"मंग त्याले घरी राहू दे. उताऱ्यातलं अस्वल पळते ना? पळू दे त्याले. तू काऊन अडवून राह्यली?"

"पण उतारा खोटा हाय बाई!"

"असू दे ना वं. खरं काय ते नाई विचारलं, उताऱ्यात काय हाय ते विचारलं. चपला कुठी काढल्या? बाहेर ना? तसंच आपल्याले जे माहीत हाय तेबी बाहेर काढून ठेवायचं. जाताना घालून जाय, कोणी चोरत नाई."

त्या दिवशी जाताना मी चपला मुद्दाम आपटत घातल्या.

पण बाईंचं खरंच होतं. आमच्याकडच्या पोरांची ही खोडच. उताऱ्यात वाघ, तेंदूपत्ता, धान असं घरचं काही आलं, की आम्ही वाचणं सोडून सांगायलाच लागायचो. पेंग्विनवरचा उतारा आला की मात्र सगळ्यांना पैकीच्या पैकी! बाई कपाळाला हात लावायच्या.

बाकी त्यांच्या युक्त्या साध्याच होत्या. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. बाजारात जाताना काय आणायचं ते घरूनच ठरवून निघतो ना, तसं. 'सर्वच', 'नेहमी', 'फक्त' हे तिघं पर्यायात दिसले की हात आखडता घ्या. आणि शीर्षक म्हणजे गंजावरचं, पातेल्यावरचं झाकण. लहान असलं तर आत पडते, मोठं असलं तर घसरते. मी हे सगळं नाक मुरडत ऐकलं आणि गुपचूप पाठ केलं.

लिपिकाच्या परीक्षेला आमचं केंद्र चंद्रपूरला, दोघींचा हॉलही एकच. पेपर कॉम्प्युटरवर. मराठीचा भाग सुरू झाला आणि मागून पर्यवेक्षकाचा आवाज आला, "मॅडम, स्क्रीनवरचं बोट काढा!" कुणाचं बोट ते मला वळून बघायची गरज नव्हती. हसू दाबत मी उतारा वाचला, तर तो मोहफुलांचा. म्हणे, पहाटे ही फुले झाडावरून तोडतात! मोहफूल तोडतात? कुठल्या गावात? फुलं आपली गळून पडतात, बायका खाली वाकून वेचतात. खाली प्रश्न, फुले कशी गोळा करतात? पर्यायांत 'वेचून' होतं, पण मी मनातल्या मनात चपला बाहेर काढल्या आणि 'तोडून' वर खूण करून पुढे गेले.

बाहेर आल्यावर तर्री-पोह्याच्या गाडीवर मी फुशारकी मारली, "बाई, मोहफुलं तोडून टाकली मी!"

बाईंनी प्लेट खाली ठेवली. "म्या वेचली."

"म्हणजे? बोट नाई ठेवलं?"

"ठेवलं ना. तो ओरडला तवा त्याच ओळीवर होतं. पण माझी माय जलमभर कंबर वाकवून वेचते वं. तोडते म्हणून कशी लिवू? येवढे वर्स म्या उताऱ्याचं ऐकलं. एकदा उताऱ्यानं माझं ऐकावं." आणि हसून त्यांनी आणखी तर्री मागितली.

यादीत माझं नाव आलं, बाईंचं नाही. एका प्रश्नानं काही गेलं नसेल, त्यांचं गणितही कच्चंच होतं. पण मला तो प्रश्न घशाखाली उतरेना. मी विहारात जाऊन ढसाढसा रडले, वर बाईंवरच रागावले. त्या म्हणाल्या, "रडून काऊन राह्यली? तू तर बोट ठेवलं होतं ना?" आणि साऱ्या खोलीकडून टाळ्या वाजवून घेतल्या.

आता मी तालुक्याच्या कचेरीत लिपिक आहे. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची लाल धूळ टेबलावर बसते, ती पुसत काम करते. कुणी उगाच "हा कागद लागतोच" म्हणालं, की तोंडून निघतंच, "कुठे लिहिलंय? बोट ठेवा." आणि कचेरीत पाठीमागे आता मलाच बोटबाई म्हणतात, याचं मला मनापासून बरं वाटतं. खऱ्या बोटबाई अजून त्याच खोलीत शिकवतात. पोरं मावत नाहीत, ओसरीपर्यंत बसतात.

परवा त्यांनी फोनवर एक फोटो पाठवला. त्यांच्या हातचा, त्यांनी स्वतः रचलेला उतारा. 'मोहफुले पहाटे आपोआप गळतात. बाया ती वाकून वेचतात. अस्वलालाही ही फुले फार आवडतात. माणूस दिसल्यावर अस्वल कधी पळते, कधी पळत नाही. एटापल्लीकडच्या एका मामाच्या खांद्यावर अजून वण आहे.' खाली प्रश्न, अस्वल नेहमी पळते काय?

माझे डोळे भरून आले. तिथल्या तिथे फोन लावला आणि ओरडले, "बाई, बसवलं ना शेवटी माझ्या मामाले परीक्षेले!"

"बसवलं," बाई म्हणाल्या. "पण उत्तर कुठी हाय? बोट ठेव."