शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरांचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांची फारशी चूकही नव्हती. गाडी शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून ज्यानं उभा जन्म काढला, त्याचा विश्वास बसायचा तरी कुणावर? भले भले लोक यायचे. बँकेतले साहेब, मुख्याध्यापिका, एक तर दातांचे डॉक्टर. एरवी सगळे शहाणे, पण स्टिअरिंग हातात आलं की अक्कल गहाण! मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक होता, खास त्यांच्या पायासाठी. शिकणारा गडबडला की मास्तर तो हळूच दाबत, इतका हळूच की त्या बिचाऱ्याला वाटावं, गाडी आपणच थांबवली. वर म्हणायचे, "वा, काय छान थांबवलीत!" धीर आला की माणूस शिकतो, हे त्यांचं तंत्र. शेकडो लोक असे शिकून गेले. मास्तरांचं मात्र एक झालं. चालवणारा खरंच स्वतः गाडी चालवतोय, यावरचा त्यांचा विश्वास कायमचा उडाला.

वय झालं तसं स्कूल बंद केलं, ती गाडी विकली आणि मास्तर घरची जुनी पेट्रोलची गाडी चालवू लागले. तिथे दोनदा बिनसलं. एकदा फाटकाच्या खांबाला आरसा घासला, एकदा लाल सिग्नल दिसलाच नाही. "ऊन डोळ्यावर आलं होतं," मास्तर म्हणाले. बायको काहीच बोलली नाही. आता ती बाई गप्प बसते म्हणजे काय! घरात काहीतरी शिजतंय, हे मास्तरांनी तिथेच ओळखलं. आपल्या हातातून गाडी काढून घ्यायचा बेत आहे, दुसरं काय.

आणि त्याच महिन्यात मुलीनं जुनी गाडी विकून इलेक्ट्रिक गाडी आणली.

"फसलात," तळमजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले. त्यांच्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे मतं भरपूर होती. "आधीच गाडी म्हणजे पांढरा हत्ती. त्यात ही विजेची! पावसात शॉक, उन्हात भडका, आणि बॅटरी बसली की आत कोंबड्या पाळायच्या."

"ते सोडा हो," मास्तर म्हणाले. "आवाज करत नाही ती. न बोलता जवळ येणाऱ्यावर माझा तरी भरवसा नाही."

"बाबा, चालवून तर बघा," मुलगी म्हणाली.

सुटीच्या दिवशी मास्तर चालवायला बसले, मुलगी शेजारी. वळण आलं तसा त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. तो ब्रेकवर पोचायच्या आत गाडी मंदावली! कुणीतरी अलगद ब्रेक दाबावा, अगदी तशी. आणि वरून मुलगी म्हणाली, "वा बाबा, काय छान वळवलीत!"

झालं. पाल चुकचुकली ती तिथेच. आपलंच तंत्र आपल्यावर?

दुपारी घर झोपल्यावर मास्तर टॉर्च घेऊन खाली उतरले. शेजारच्या सीटसमोर डोकं खुपसून, पाय दाराबाहेर टाकून त्यांनी सगळं चाचपून पाहिलं. चटई उचलली. केसांची एक पिन मिळाली. ब्रेक नाही.

"काय मास्तर, गाडी धुताय का गाडीत राहायला चाललाय?" शिंपीकाका खिडकीतून ओरडले. मास्तरांनी चटई जागेवर टाकली आणि दार लावलं. यालाही सामील करून घेतलं असेल, कुणी सांगावं!

रात्रीच्या जेवणात त्यांचा बांध फुटला. "कुठे लपवलाय तो ब्रेक? का आता बटण असतं? सांगून टाका, मी म्हातारा झालोय, मला गाडी द्यायची नाही. पाठीमागून कशाला?"

मुलगी हसली. "अहो बाबा, या गाडीचं तसंच असतं. पाय उचलला की ती आपोआप हळू होते. त्यातून बॅटरीही थोडी भरते."

"आपोआप काही होत नसतं. आपोआप होतं, तेव्हा शेजारी कुणीतरी बसलेलं असतं. मला शिकवू नकोस!"

"मग मी मागे बसते. बघा तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच केलं. शेजारची सीट रिकामी. मास्तरांनी पाय उचलला आणि गाडी मंदावली. पुन्हा उचलला, पुन्हा मंदावली. त्यांनी त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि त्यांना भरून आलं. रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन ते म्हणाले, "चुकलो गं पोरी. घरच्या माणसांवर संशय घेतला मी. ये, पुढे येऊन बस."

ती पुढे येऊन बसली. मास्तरांची कळी अशी खुलली म्हणता! बाजाराच्या रस्त्याला लागले तरी तोंड बंद नाही. गाडी गुणी आहे, शिंप्याला काय कळतंय, आता तुझ्या आईला रोज फिरवून आणतो. बोलता बोलता डोळे सवयीनं शेजारच्या पायांकडे गेले. चालवणाऱ्यानं खाली बघू नये, हे त्यांनीच अख्ख्या गावाला शिकवलं होतं.

मुलीचा उजवा पाय चटईवर दाबलेला होता. टाच उचललेली, गुडघा ताठ, बोटं पांढरी. पुढे एक बाई रस्ता ओलांडत होती. पाय आणखी दाबला गेला. बाई गेली, तो सैल पडला. सायकलवाला आडवा आला, पुन्हा दाबला गेला. खाली ब्रेक नव्हताच. तोंडानं ती म्हणत होती, "हो बाबा, रोज जाऊया."

मोकळी जागा बघून मास्तरांनी गाडी कडेला घेतली.

"उतर. तू चालव."

"का हो बाबा? छान तर चालवताय."

"पाय भरून येतो गं असा. मी दाबलाय जन्मभर, मला ठाऊक आहे."

मुलीनं पाय झटकन मागे घेतला. ती 'नाही' म्हणेल, 'तुम्हीच चालवा' म्हणेल, म्हणून मास्तर स्टिअरिंग धरून थोडा वेळ तसेच बसून राहिले. तिनं खाली बघत दार उघडलं आणि ती उतरली.