कच्चा स्लॅब

दाजींच्या बंगल्याचा स्लॅब काल टाकून झाला, म्हणून आज खाली अंगणात मटणाचं जेवण होतं. एक गडी सिमेंटची गोणी घेऊन वर निघाला, तसे दाजी ओरडले, "अरे, कच्चा आहे तो! वजन टाकू नको." वरून टणक दिसला तरी आतून धरायला वेळ लागतो, हे त्यांनी आम्हा प्रत्येक पाहुण्याला स्वतंत्रपणे समजावलं.

मग त्यांनी ग्लासात बिअर ओतली आणि नववीतल्या आपल्या मुलीपुढे धरली. "घे मनू. आमच्याकडे मुलगा-मुलगी भेद नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. समता इतक्या स्वस्तात क्वचितच मिळते.

मनू आता आईएवढी उंच झाली आहे. पण या वयात डोक्यातला 'आणखी' म्हणणारा भाग जोरात असतो आणि 'बस' म्हणणारा पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. त्याआधीच दारूची ओळख झाली, तर ती सवय खोल रुजण्याची भीती असते.

मनूने ग्लास घेतला. ती बिअरकडे पाहतच नव्हती; बाप खूश झाला का, हे पाहत होती.

"मामा, पिऊ?"

माझ्याही हातात ग्लास होता. तो खाली ठेवून मी म्हणालो, "नको."

"एका घोटानं काय होतंय, मास्तर?" दाजी हसले.

"माहीत नाही, दाजी. म्हणूनच नको."

मी तिचा ग्लास धरला. तिने तो सोडला, पण लगेच नाही.