एकविसातला एक

मला एका जागी स्वस्थ उभं राहता येत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. अकरावीच्या उन्हाळ्यात मात्र ती भिंगरी भलतीच फिरायला लागली. दर तासाला तहान, दर तासाला बाथरूम, रात्रीची झोप नाही, आणि शाळेचा स्कर्ट कमरेवरून घसरायला लागलेला. आई म्हणाली, कोलकात्याचा उकाडा आहे, सगळ्यांनाच होतं. खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकू जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "की रोगा होये गेछिश!" किती बारीक झालीस. मला ते कौतुक वाटायचं.

मग एक दिवस शाळेत उलट्या सुरू झाल्या, श्वास लागला, आणि तिथून थेट हॉस्पिटल. डॉक्टरांनी टाइप वन डायबिटीस म्हणून सांगितलं. आता रोज इन्शुलिन, जन्मभर. बाबा बँकेतले, त्यांनी व्याजदर विचारावा तशा शांत आवाजात विचारलं, "म्हणजे गोळ्यांनी नाही भागणार?" नाही भागणार. परतताना गाडीत आई एवढंच म्हणाली, "बाहेर कुणाला सांगू नकोस. अजून तुझं सगळं व्हायचंय."

माझं काय काय व्हायचं होतं, ते मला ठाऊक होतं. आईच्या डोळ्यांसमोर तेव्हापासून एक अज्ञात मुलगा आणि त्याची चौकशी करणारी आई उभी असायची. मला त्या दोघांचा भयंकर राग यायचा.

गंमत म्हणजे ज्या शहरात आम्ही पुण्याहून बदली होऊन आलो होतो, तिथे कुणीच आपला आजार लपवत नव्हतं. दमदमच्या बाजारात लोक माशांच्या भावाबरोबर एकमेकांची शुगर विचारत. खालच्या काकू गच्चीवर कपडे वाळत घालताना स्वतःचे आकडे शेजारच्या इमारतीला ऐकू जातील अशा आवाजात सांगत. आणि मी? मी बाथरूमची कडी लावून, नळ सोडून, पोटाला इन्शुलिनचं पेन टोचायची. शुगर बघायला बोट टोचायचं तेही बाथरूममध्ये. शुगर एकदम उतरली तर खायचा ग्लुकोजचा डबा कपाटात, आईच्या साड्यांच्या मागे. कुणी विचारलंच, तर मला अॅसिडिटी होती.

त्या वर्षीही गणपती आमच्याकडे बसले. दीडच दिवस, पण कोलकात्यातली आमच्या ओळखीची सगळी मराठी माणसं जेवायला येणार होती. न्यू टाउनमधली आयटीवाली जोडपी, बँकेतले लोक, बराकपूरचं एक कुटुंब. बाहेर दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू ठोकणं चाललं होतं आणि आत आमचा इवलासा बाप्पा कपाटाच्या खणाएवढ्या मखरात. आईने सकाळीच उकड काढली होती. नैवेद्याच्या ताटात एकवीस मोदक ठेवले, दोनदा मोजले आणि वर केळीचं पान झाकलं. त्या ताटाला कुणी हात लावायचा नाही, हे मला दर वर्षीप्रमाणे बजावलं.

आरती झाली. आई स्वयंपाकघरातून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "घेऊन टाक. नैवेद्य दाखवला की पानंच वाढतेय." मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला, पूर्ण जेवणाचं इन्शुलिन घेतलं. एकदा ते आत गेलं की त्याला परत बोलावता येत नाही. जेवण समोर यायलाच लागतं.

मी बाहेर येते तो दार उघडलेलं. बराकपूरवाले आले होते. ट्रेन सियालदाच्या वाटेवर कुठेतरी अडकली, म्हणून उशीर. काका चपला काढता काढताच हिरमुसले: "आमची आरती हुकली की."

आता पुण्यात असं झालं असतं तर कुणीतरी म्हटलं असतं, प्रसाद घ्या आणि बसा. पण परक्या गावात वर्षातून एकदा आरती म्हणायला आलेल्या माणसाला कोण नाही म्हणणार? बाबा म्हणाले, "हुकली कसली? पुन्हा करू." आणि निरांजन पुन्हा पेटलं. माझ्या हातात झांज दिली आणि मला पुढे उभं केलं.

गणपतीची झाली. शंकराची झाली. देवीची कुणीतरी काढली. न्यू टाउनच्या मुलांना अर्ध्याहून जास्त शब्द येत नव्हते, त्यामुळे त्यांच्या आईवडिलांनी ती अधिकच सावकाश म्हटली. मला घाम फुटला. आधी मानेवर, मग तळहातांना. झांज ताल सोडून पळायला लागली. एक काका हसून म्हणाले, "भूक लागली वाटतं झांजेला." सगळे हसले. बराकपूरच्या काकांनी डोळे मिटून दत्ताची सुरू केली.

कपाट गर्दीच्या पलीकडे होतं. डबा मागायचा तर कशासाठी, ते सांगायला हवं होतं. मी आईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि वळून आत गेली. मला इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तिला दिसलं होतं, तरी ती गेली. डोळ्यांपुढे दिव्यांची वलयं व्हायला लागली. मी झांज खाली ठेवली, केळीचं पान बाजूला केलं आणि ताटातला एक मोदक उचलून अख्खा तोंडात कोंबला.

आरती मधेच थांबली. गूळ माझ्या हनुवटीवर ओघळत होता आणि मी चावत होते, घाईघाईने, उपाशी कुत्र्यासारखी.

"अगं, नैवेद्य व्हायचाय अजून," बराकपूरच्या काकू म्हणाल्या. रागाने नव्हे, घाबरून. "एवढी मोठी मुलगी तू."

"तिला मधुमेह आहे."

आई माझ्या मागे उभी होती. हातात साखरेच्या पाण्याचा पेला. तेच करायला ती आत गेली होती. "टाइप वन. इन्शुलिन घेतलंय तिने, मीच घ्यायला सांगितलं. तिला आता खायलाच हवं." आवाज थरथरत होता, पण खाली आला नाही. मी पाणी पीत होते आणि रडतही होते. वाचले म्हणून नाही. कळलं सगळ्यांना, म्हणून.

कुणीतरी खुर्ची दिली. कुणीतरी कारल्याच्या रसाविषयी सुरू केलं, त्याला त्याच्या बायकोने गप्प केलं. आईने कपाटातून मशीन आणलं आणि तिथेच, मखरासमोर, सगळ्यांच्या देखत माझं बोट टोचलं. मी हात मागे ओढला.

"इथे नको."

"इथेच," आई म्हणाली.

आकडा अजून कमीच होता. तेवढ्यात बराकपूरच्या काकूंनी स्वयंपाकघरातून एक मोदक आणला. "हा ठेवते ताटात, एकवीस पुरे व्हायला हवेत."

आईने काकूंकडे पाहिलंही नाही. सकाळी दोनदा मोजलेल्या त्या ताटातून तिने आणखी एक मोदक उचलला, फोडला आणि माझ्या हातावर ठेवला.

"सावकाश खा," ती म्हणाली. "आरती थांबेल."