सगळ्यात मोठं अक्षर

वडिलांना पेपरातलं बारीक अक्षर दिसेना, म्हणून स्वस्तातलं ई-रीडर घ्यायला मी त्यांना पडेगावहून औरंगपुऱ्यात नेलं. दुकानात दोन कंपन्यांची दोन मांडलेली होती. वडिलांनी एक उचललं, अक्षर सगळ्यात मोठं केलं आणि उभ्या उभ्याच वाचायला लागले. "हेच घे. लई छान दिसतंय मला."

पण माझा मेला चिकित्सक स्वभाव! याचा उजेड चांगला, तर त्याची बॅटरी जास्त टिकते. "जरा चौकशी करू," म्हणत मी त्यांना घरी आणलं आणि तीन महिने मोबाइलवर दोन्हींची तुलनाच करत बसले. ते आधी रोज विचारायचे, नंतर विचारेनासे झाले. मग एक दिवस गेलेच.

काल मी चार्जर घ्यायला त्याच दुकानात गेले. ते ई-रीडर तिथंच होतं. सहज हात लावला. पानावर जेमतेम दहा शब्द. वडिलांनी मोठं केलेलं अक्षर कुणी लहान केलंच नव्हतं.